खिळे

खिळ्यांनी भरलेली केस एकट्या माणसाला उचलत नाही. उचलली तरी चार पावलांत खांदा उतरतो. दिसायला उथळ लाकडी पेटी, खणाखणांची. पाहणाऱ्याला वाटतं, यात असून असून काय असणार, पेराएवढाली अक्षरं. पण अक्षरं शिशाची, आणि शिसं नजरेला फसवतं. मे महिन्याच्या सुट्टीत मी पप्पांच्या छापखान्यात जायची, तेव्हा ते एका खणातले ‘क’ माझ्या ओंजळीत घालायचे. ओंजळ लगेच खाली जायची. ते म्हणायचे, “सांभाळ. अक्षराला वजन असतं.”

पप्पा खिळेजुळारी होते. लोक कंपोझिटर म्हणत, ते स्वतः मात्र जुनाच शब्द वापरत. नगरमधला तो एक लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची हँडबिलं आणि वर्षातून एकदा आमच्या मंडळीचा अहवाल. नगरच्या ख्रिस्ती माणसाचं छापील अक्षराशी नातं जुनंच आहे. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचं काम इथं सुरू झालं आणि १८४२ साली ‘ज्ञानोदय’ इथूनच निघालं. पप्पांना या इतिहासाचा अभिमान होता, पण त्यांच्या बोलण्यात तो फारसा येत नसे. तो त्यांच्या नखांत होता. साबणानं कितीही घासलं तरी न निघणारी एक काळी रेघ.

छपाईच्या टाइपाला मराठीत खिळा म्हणतात, हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. माझं उलट झालं होतं. खिळा म्हणजे अक्षर, हेच मला आधी कळलं. भिंतीत ठोकायचा खिळा नंतर. त्यामुळे संडेस्कूलमध्ये बाईंनी पहिल्यांदा सांगितलं की प्रभू येशूला वधस्तंभाला खिळलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे त्याच्या तळहातांत रुतलेली शिशाची अक्षरं आली. घरी येऊन मी पप्पांना विचारलं, कुठलं अक्षर होतं? ते हसले नाहीत. माझा तळहात उघडून त्यांनी बराच वेळ पाहिला, मग बोटं एकेक करून मिटवली आणि मूठ माझी मला परत दिली.

उत्तम शुक्रवारी आमच्या चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून प्रभू सात वेळा बोलला, त्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. घंटा वाजत नाही. बायका पांढऱ्या साड्या नेसून येतात. बाहेर नगरचा एप्रिल, आत पंखे असून नसल्यासारखे, बहुतेकांचा उपास. पप्पांकडे वर्षानुवर्षं पाचवा उद्गार असायचा, तहानेचा. तो कुणाला फारसा नको असतो. पहिल्यात क्षमा आहे, दुसऱ्यात सुखलोकाचं वचन आहे, चौथ्यात तर आभाळ फाटल्यासारखी हाक आहे. पाचवा म्हणजे तहान लागली एवढंच सांगणं. मूळ ग्रीकमध्ये तो एकच शब्द आहे. पप्पा शिकलेले प्रचारक नव्हते, पाच-सात मिनिटांच्या वर बोलत नसत. पण त्यांचं एक वाक्य मला पाठ आहे. “बाकीचे उद्गार प्रभू आपल्यासाठी बोलला, हा एक त्याच्या शरीरासाठी बोलला, आणि शरीराचं मागणं त्याला लाजिरवाणं वाटलं नाही.”

१९९६ साली छापखाना बंद झाला. ऑफसेट आलं होतं, डीटीपी आलं होतं, हातानं एकेक खिळा जुळवायला कुणाला वेळ नव्हता. मालकांनी सगळं शिसं भंगारात किलोवर विकलं. पप्पांनी एक भरलेली केस मागून घेतली. ती दोघांनी धरून रिक्षात घातली आणि आमच्या घरी पलंगाखाली सरकवली. मी तोवर पुण्यात मुद्रितशोधक म्हणून लागले होते. वाटलं, या माणसाचं सगळं आयुष्य आता पलंगाखाली गेलं. तेव्हा मला दुःख म्हणजे काय ते एवढंच माहीत होतं.

२००४च्या पावसाळ्यात एका सकाळी पप्पांच्या हातून तांब्या पडला. तो उचलायला ते वाकले आणि पुन्हा उभे राहिले नाहीत. उजवं अंग गेलं, आणि डोक्यात ज्या बाजूला बोलणं असतं तिथलाच रक्तपुरवठा थांबला होता, त्यामुळे शब्द गेले. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांचे शब्द जुळवले त्यांच्याजवळ एक शब्द शिल्लक राहिला: “बरं.” भूक लागली की बरं. पाठ दुखली की बरं. पुण्याहून मी आले की बरं, निघाले की बरं. भेटायला येणारे म्हणायचे, बघा, किती शांतपणे स्वीकारलंय यांनी. आईला माहीत होतं, त्यातला कुठला बरं म्हणजे अंगावरचं पांघरूण काढा आणि कुठला बरं म्हणजे मला हे सहन होत नाही.

गिळणंही अवघड झालं होतं. साधं पाणी श्वासनलिकेत जाईल म्हणून डॉक्टरांनी मना केलं. पाण्यात एक पूड घालून ते पेजेसारखं दाट करायचं आणि चमच्यानं द्यायचं. आई समोर स्टूल घेऊन बसायची. एक चमचा. मग हनुवटी खाली झुकवायची. मग कंठ वर चढतो की नाही ते बघायचं. चढला की पुढचा चमचा. एका पेल्याला पाऊण तास लागायचा. दिवसातून सहा वेळा, साडेसहा वर्षं. मी शनिवार-रविवार यायची आणि तिला म्हणायची, आता मी पाजते. पाच-सहा चमच्यांनंतर माझा हात घाई करू लागायचा. आईच्या हातात घाई कधी आली नाही. तिच्या उजव्या खांद्यात मात्र एक दुखणं आलं, ते कायमचंच.

त्या दिवसांत सांत्वन करायला आलेल्या लोकांबद्दल मला लिहायचं आहे, कारण या विषयावर बोलताना सगळ्यात जास्त खोटं तिथंच बोललं जातं. कुणी म्हणे, देव लाडक्यांनाच कसोटीला लावतो. कुणी म्हणे, यातून देव तुमच्या घराण्याचं गौरव करणार आहे. एक गृहस्थ तेल घेऊन आले, पप्पांच्या कपाळाला ते माखलं, येशूच्या नावानं उठा म्हणून तीन वेळा आज्ञा केली आणि जाताना आईला दारात सांगून गेले की घरात विश्वास कमी पडतोय. आईनं कोमट पाण्यात फडकं पिळून पप्पांचं कपाळ पुसलं. ती काही बोलली नाही. मी त्या रात्रीपासून प्रार्थना करायची थांबले.

दुःखातच गौरव आहे असं म्हणणं आणि दुःख म्हणजेच गौरव असं म्हणणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हे अंतर पुसलं की मग नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला सांगता येतं, बाई, हा तुझा वधस्तंभ आहे, वाहा. मी असं सांगताना लोकांना ऐकलं आहे. ज्याचं ओझं आपल्याला उतरवता येतं त्याला ते वाहण्याचं पुण्य सांगत बसणं हा ख्रिस्ती धर्म नाही. प्रभूनं आंधळ्याला आंधळेपणाचं महत्त्व सांगितलं नाही. त्याला दृष्टी दिली. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा गेथशेमाने बागेत, हा प्याला टळला तर टळू दे, अशीच विनवणी केली, एकदा नाही, पुनःपुन्हा. दुःखावर त्याचं प्रेम नव्हतं. ज्यांना ते टाळता येणार नव्हतं त्यांच्यावर होतं.

ईयोबाचे मित्र आठवा. त्यांची बदनामी झाली ती त्यांच्या भाषणांमुळे. पण त्याआधी ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून होते, एक अक्षर न बोलता. ते तिथंच थांबले असते तर त्या पुस्तकात त्यांचं नाव वेगळ्या रीतीनं राहिलं असतं.

आई असं बसणं जाणत होती. देवाशीही ती तसंच वागायची. रात्री पप्पा झोपले की ती मागच्या गॅलरीत बसायची. मी दाराआडून ऐकलेलं आहे. “आज ताप होता. तुला माहीत आहे, तरी सांगते. कूस बदलताना माझ्या हातातून निसटले. मला हे आता झेपत नाही, आणि तू काही करत नाहीस.” एवढंच. पुढं आमेनसुद्धा नाही. सुरुवातीला मला वाटायचं, हिचाही विश्वास गेला. पुढं मला उमगलं की स्तोत्रसंहितेच्या दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी अशीच आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. ज्यांनी तो ग्रंथ जुळवला त्यांनी ते तसंच राहू दिलं. मुद्रितशोधकाच्या नजरेनं सांगते, ती चूक नाही. ते मुद्दाम ठेवलेलं आहे.

पुण्याहून नगरला एसटीनं लवकर पोचता येतं. पण मी बहुतेक वेळा रेल्वेनं यायची, दौंडवरून. गाडीत पानं तपासता यायची, आणि खरं सांगायचं तर घरी थोडं उशिराच पोचावंसं वाटायचं. तेव्हा दौंडला इंजिन पुढचं काढून मागं लावत आणि गाडी आलेल्या तोंडानंच मागं वळायची. त्याआधी केडगाव लागतं. नगरजवळचं नव्हे, दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंचं. इतकी वर्षं ते स्टेशन माझ्या खिडकीतून सरकत गेलं होतं. या बाईचं आयुष्य मला तारखांनिशी पाठ होतं, शाळेत भाषण केलं होतं त्यावर. पण पप्पांच्या आजारपणात ते मी पुन्हा वाचलं आणि ते दुसरंच निघालं.

१८५८चा जन्म. सोळाव्या वर्षी दुष्काळात वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. भाऊ श्रीनिवास आणि ती अशी दोघंच हिंदुस्थानभर पायी भटकली, पुराणं सांगत. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न. फेब्रुवारी १८८२मध्ये नवरा कॉलऱ्यानं गेला, तेव्हा मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. इंग्लंडला डॉक्टर व्हायला गेली, तर ऐकू कमी येतं म्हणून तो रस्ता बंद झाला. तिथंच १८८३ साली बाप्तिस्मा. इतक्या मरणांतून गेलेल्या माणसानं देवाला दूषण दिलं असतं तर कुणी तिला नावं ठेवली नसती. तिनं काय केलं? १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणल्या. पुढं गुजरातचा दुष्काळ पडला तेव्हा तिथून आणल्या. केडगावच्या माळावर सुमारे दोन हजार बायका-मुली राहू लागल्या. भुकेनं आईबाप गेलेल्या या बाईनं भुकेला गौरव म्हटलं नाही. भाकरी थापायला घेतली.

मी मात्र थबकले ते शेवटच्या वर्षांपाशी. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाई संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणत होत्या, खेड्यातल्या बाईला वाचता यावं म्हणून. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या ‘मुक्ती’ या त्यांच्या केडगावच्या संस्थेतल्याच मुली. काम अनेक वर्षं चाललं. ते पुरं होत आलं असताना २४ जुलै १९२१ला मनोरमा गेली. चाळिशीची मुलगी, आईचा उजवा हात, जिच्यावर संस्था सोपवायची ती. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. त्या भाषांतराकडे परत गेल्या. काम हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ला गेल्या. बांधून तयार झालेलं संपूर्ण बायबल त्यांनी पाहिलं नाही; ते १९२४ साली निघालं.

मी रोज मुद्रितं तपासते. मला माहीत आहे, मन जाग्यावर नसताना मुद्रित वाचता येत नाही. एखादी वेलांटी सुटली तरी डोळा पुढं सरकतो. मुलीला माती दिल्यानंतरच्या त्या आठ-नऊ महिन्यांत या बाईचा डोळा वेलांटीवर कसा टिकला असेल? हा प्रश्न मी कितीतरी शनिवारी केडगाव ते दौंड स्वतःला विचारला. दुःखाचा विसर पाडायला काम करणारी माणसं मी पाहिली आहेत. ती घाई करतात, चुका करतात. हे तसं काम नव्हतं. हे काम करणारीच्या मनात दुःख पुरतं जागं असणार, आणि त्याच्याच शेजारी आणखी काहीतरी तितकंच जागं.

त्या ‘आणखी काहीतरी’ला बायबलमध्ये शब्द आहे. आपण मराठीत त्याला गौरव म्हणतो. हा शब्द आपण सत्कारसमारंभात इतका वापरला की त्याचा अर्थ शाल-श्रीफळाएवढा उरला. पण गौरव हा गुरुपासून आला. गुरु म्हणजे जड. गौरव म्हणजे मुळात जडपणा, वजन. आणि जुन्या करारातला हिब्रू शब्द, काबोद, तोही जड या अर्थाच्याच धातूपासून आला आहे. दोन भाषा, एकमेकींचा गंध नसलेल्या, दोघींनी मोठेपणासाठी वजनाचाच शब्द घेतला. संस्कृत आणि हिब्रू दोन्ही ज्यांच्या बोटांवर होत्या अशा रमाबाई ती पानं करत होत्या. नव्या करारातल्या ग्रीक शब्दात हे वजन नाही, पण पौल ग्रीक लिहितानाही मनानं हिब्रूच असतो. म्हणून करिंथकरांना लिहिताना तो क्षणभराच्या हलक्या क्लेशांशेजारी गौरवाचा भार ठेवतो. हलके, असं म्हणणारा हा माणूस कोण? पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्या, एकदा दगडमार, तीनदा फुटलेली गलबतं. त्याचे क्लेश हलके नव्हते. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात त्यानं असं काही पाहिलं होतं की हे पारडं वर गेलं.

हे सगळं मला गाडीत कळलं. घरी कळायला आणखी वेळ लागला.

२००७च्या दिवाळीत पलंगाखालची सफाई करताना केस पुढं आली. पप्पांनी ती पाहिली आणि “बरं” म्हणाले, पण आईलाही ओळखता येईना असा बरं. आम्ही दोघींनी ती टेबलावर चढवली. इतक्या वर्षांच्या हलवाहलवीत निम्मे खिळे एकमेकांत मिसळले होते. ‘म’च्या खणात ‘भ’, मात्रांच्या खणात जोडाक्षरं. मी त्यांच्या डाव्या हाताजवळ स्टिक ठेवली, जिच्यात ओळ जुळवतात ती. माझ्या मनात खुळी आशा होती की तोंडातून येत नाही तो शब्द बोटांतून येईल. तसं झालं नाही. त्यांनी तीन खिळे उचलले, स्टिकमध्ये ठेवले, त्यांचा शब्द होत नव्हता. त्यांना ते दिसलं. डोळे भरून आले. मी स्टिक बाजूला घेतली आणि स्वतःला शिव्या दिल्या.

पण हात केसमध्येच राहिला होता. काही वेळानं तो हलला. त्यांनी ‘म’च्या खणातून एक खिळा चिमटीत उचलला, अंगठा त्याच्या तोंडावरून फिरवला, पाहिलंसुद्धा नाही, आणि तो ‘भ’च्या खणात टाकला. शिशावर शिसं पडल्याचा टप असा आवाज झाला. मग दुसरा. छापून झाल्यावर ओळ मोडायची आणि प्रत्येक खिळा आपापल्या घरी परत टाकायचा, हे खिळेजुळाऱ्याचं रोजचं शेवटचं काम. शब्द करण्याची ताकद गेली होती. अक्षराला त्याची जागा देण्याची गेली नव्हती. त्या दिवशी दोन तासांत त्यांनी अकरा खिळे लावले. मी मोजले. नंतर रोज सकाळी पाण्याचा पहिला पेला झाला की आई त्यांची खुर्ची टेबलाशी लावायची. केस पुरी लागायला दीड वर्ष लागलं. लागली की आई हात घालून दोन खण मिसळायची, आणि ते पुन्हा सुरू करायचे. मी एकदा चिडून म्हणाले, “अगं, त्यांची केलेली मेहनत मोडतेस?” ती म्हणाली, “काम संपलं तर उद्या उठायचं कशाला त्यांनी?”

त्या टपटप आवाजात घरातलं काहीतरी बदललं. दुखणं तेच होतं. अंथरुणाची जखम एकदा झाली, बरी झाली, परत झाली. पैशांची ओढाताण होतीच. पण शनिवारी दारात पाऊल टाकलं की तो आवाज यायचा आणि माझे खांदे खाली यायचे. मी पुन्हा प्रार्थना करू लागले ती तेव्हा नाही; पण आई गॅलरीत बसली की तिच्याजवळ जाऊन बसू लागले.

२००९चा उत्तम शुक्रवार. पप्पांना चाकाच्या खुर्चीवरून चर्चला नेलं. पाचव्या उद्गारावर बोलायला एक तरुण मुलगा होता, पहिलीच वेळ त्याची, हातातले कागद थरथरत होते. त्यानं आंबेत बुडवलेल्या स्पंजाविषयी बोलायला सुरुवात केली आणि पप्पांना ठसका लागला. उकाड्यानं घसा कोरडा पडला होता. आईनं पिशवीतून थर्मास काढला, वाटीत दाट पाणी ओतलं, स्टूल नव्हतं म्हणून खुर्चीसमोर फरशीवर गुडघे टेकले आणि चमचा पुढं केला. एक चमचा. हनुवटी खाली. कंठ वर. मुलगा बोलायचा थांबला. त्यानं पाळकसाहेबांकडे पाहिलं; त्यांनी नुसता हात वर केला, थांब म्हणून. भरलेलं चर्च, उपाशी, तहानलेली माणसं, आणि सगळ्यांच्या नजरा त्या एका चमच्यावर. कुणी खोकलं नाही. लहान मूलसुद्धा रडलं नाही. पंख्याच्या कुरकुरीत आम्ही प्रत्येक घोट उतरताना पाहिला. दहा मिनिटं झाली असतील, पंधराही. वाटी संपली. पप्पा म्हणाले, “बरं.” तो मुलगा काही वेळ उभा राहिला, मग त्यानं कागद मिटले आणि जागेवर जाऊन बसला. पाळकसाहेबांनी सहावा उद्गार सुरू केला.

तिथं हवा जड झाली होती. मला दुसरा शब्द सुचत नाही. वर्षानुवर्षं ऐकलेल्या प्रवचनांनी ती जागा कधी अशी भरली नव्हती. आई गुडघ्यांवरून उठताना खांदा धरून उठली, तिला वेदना झाली, मी पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हतं. काम झालेल्या माणसाचा चेहरा होता. त्या रात्री मी जवळपास पाच वर्षांनंतर प्रार्थना केली, आणि तीही तक्रारीचीच होती.

योहानाच्या शुभवर्तमानात एक जागा आहे, तिच्यावरून मी लहानपणापासून घाईनं पुढं जात असे. दारं बंद करून शिष्य भ्यालेले बसले आहेत. उठलेला प्रभू मधोमध येऊन उभा राहतो, त्यांना शांती असो म्हणतो, आणि लगेच आपले हात आणि कूस दाखवतो. मरण जिंकून आलेल्या शरीरावर खिळ्यांच्या जखमा तशाच आहेत. देवाला त्या पुसता आल्या नसत्या का? त्यानं ठेवल्या. शांतीचा शब्द आणि जखमा एकाच दमात समोर आल्या आहेत. आमच्या मंडळीतली जुनी माणसं अजून एकमेकांना ‘सलाम’ म्हणतात; त्याचा अर्थ तोच, शांती असो. पप्पांच्या खुर्चीजवळून जाताना माणसं वाकून त्यांच्या त्या निकामी उजव्या हाताला हात लावून सलाम म्हणायची. चांगल्या हाताला नाही. का, ते कुणी कधी ठरवलं नव्हतं.

२०११च्या जानेवारीत पप्पा झोपेतच गेले. टेबलावर केस उघडी होती. चार-पाच खिळे लावायचे राहिले होते.

आईला एकटं ठेवायचं नाही म्हणून त्या उन्हाळ्यात मी तिला पुण्याला घेऊन आले. सामान टेम्पोत चढलं. केस राहिली होती. आमचं घर पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि तिचा खांदा तसा. मी म्हटलं, खालच्या मुलाला बोलावते. तिनं पदर खोचला.

“अगं, धर तिकडून.”

मी पुढची बाजू धरली, उलट्या पावलांनी एकेक पायरी उतरू लागले. अर्ध्या जिन्यात ती थांबली. केस पायरीवर टेकवली, एका हातानं खांदा दाबला. खिळे आत जरासे सरकले, त्यांचा तो बारीक आवाज झाला. कपाळावरचा घाम पुसत तिनं केसकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“जड आहे गं,” ती म्हणाली, आणि पुन्हा वाकली.